एक फेज गेला असंन

आमच्या घरी नळ आहे. पाइप आहे, तोटी आहे, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे जोडणी झाल्याची नोंदही आहे. पाणी तेवढं येत नाही. त्यामुळे त्या रविवारी दुपारी वायफाय जोडलेलं असूनही लॅपटॉपने खाली कोपऱ्यात 'नो इंटरनेट' लिहून दाखवलं, तेव्हा मला धक्का वगैरे बसला नाही. ओळखीचंच वाटलं. धक्का पुढच्या शब्दाने बसला. 'नो इंटरनेट, सिक्युअर्ड.' म्हणजे इंटरनेट नाही, पण जे नाही ते एकदम सुरक्षित आहे. विहीर कोरडी, कठडा मजबूत.

शाळेची माहिती पोर्टलवर भरायची ती शेवटची तारीख होती. तक्त्यात रकाने 42 आणि बाहेर पारा 43. गाव यवतमाळ जिल्ह्यात, शकुंतलेच्या रुळापासून चार कोस आत. शकुंतला म्हणजे आमची छोट्या रुळाची आगगाडी, 1994 पर्यंत वाफेवर चालायची. ती उशिरा यायची हे खरं, पण निदान लांबून धूर तरी दिसायचा. या वायफायला धूरही नाही.

"फोनवरनं करा नं," आतून बायको म्हणाली.

फोनवर नेट धो धो चालू होतं. सकाळपासून सतरा जणांनी पाठवलेली गुलाबाची फुलं येऊन पडली होती. पण 42 रकान्यांचा तक्ता फोनवर भरणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न पाहण्यासारखं. नवरदेवाचा फेटा दिसतो, नवरदेव दिसत नाही.

मी राउटर बंद करून चालू केला. हे काहून करतात मला माहीत नाही, पण सगळे करतात. आमचा राउटर लोखंडी कपाटावर असतो आणि त्याच्यावर बायकोने विणलेला रुमाल. रुमाल उचलून दिवे पाहिले. हिरवे सगळे हिरवे, लाल दिवा बंद. लाल लागला की फायबर तुटली असं समजायचं, एवढं वायर टाकायला आलेल्या पोराने सांगितलं होतं. गावात ती जेसीबी आल्याशिवाय तुटत नाही आणि जेसीबी आला की पाहायला मी स्वतःच जातो, त्यामुळे ती शंका मिटली.

मग विंडोजचा ट्रबलशूटर चालवला. त्याने बराच वेळ हिरवी पट्टी सरकवली आणि निकाल दिला: तुमच्या कॉम्प्युटरची मांडणी बरोबर दिसते, पण डीएनएस सर्व्हर उत्तर देत नाही. मी 'क्लोज' दाबलं. मशीनने खरं सांगितलेलं एकमेव वाक्य, आणि ते मी जाहिरात असल्यासारखं बंद केलं.

तेवढ्यात शेजारचे काकाजी आले. काकाजींच्या बंडीच्या खिशात कायम टेस्टर असतो. गावातल्या अर्ध्या मोटारी त्यांनी जिवंत केल्या आहेत आणि दोन-तीन जाळल्या आहेत. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, राउटरकडे पाहिलं, खाटेवर बसले.

"दिवा लागून राह्यला नं?"

"हो."

"पण काम नाई करून राह्यला?"

"नाही."

"एक फेज गेला असंन."

मी हसलो. काकाजी हसले नाहीत. "मास्तर, घरातला बल्ब एका फेजवर लागते. मोटारीले तीन पायजे. तुमच्या फोनले एक पुरते, या डब्ब्याले तीन लागत असतीन." हे म्हणताना त्यांनी टेस्टर काढून लॅपटॉपच्या चार्जिंगच्या भोकाकडे नेला. मी लॅपटॉप उचलून छातीशी धरला.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा, इंटरनेटसाठी एक, पुन्हा मराठीसाठी तीन. शेवटी एक मुलगा बोलला. त्याने एकच प्रश्न विचारला. "सर, मोबाईलवर चालतंय का?" मी खरं बोललो. "मग आपल्याकडून ओके आहे सर." फोन ठेवेपर्यंत मेसेज आला की आपल्या तक्रारीचं यशस्वी निवारण झालं आहे. त्याच क्षणी लाईन गेली. कूलर घरघरत थांबला आणि काकाजी म्हणाले, "आता तं तिन्ही गेले."

लाईन पाऊण तासाने आली. तोवर मला एक अक्कल सुचली होती. फोनचं हॉटस्पॉट लावून त्यावर लॅपटॉप जोडला. पुन्हा तेच. नो इंटरनेट, सिक्युअर्ड. राउटर वेगळा, कंपनी वेगळी, रड तीच. एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, दोष लॅपटॉपात आहे. मी म्हणालो, आज सगळ्याच कंपन्या बंद आहेत.

शेवटी अमरावतीच्या भाच्याला फोन केला. तो कॉम्प्युटर शिकतो. त्याचा पहिला प्रश्न: "मामाजी, तुम्ही काय केलं?"

"मी काहीच केलं नाही."

"तसं नाही, काही बदललं का?"

"अरे, हातसुद्धा लावला नाही."

काकाजींनी मान डोलावली. मोटार जाळून आणणारा प्रत्येक शेतकरी त्यांना हेच सांगतो.

भाच्याने काळी खिडकी उघडायला लावली. "पिंग टाइप करा. पी, आय, एन, जी." "पी पपईचा?" "हो, पपईचा. मग जागा सोडा. आठ टिंब आठ टिंब आठ टिंब आठ." एंटर मारताच चार ओळी आल्या, रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय. माझा लॅपटॉप दुपारपासून बाहेरच्या जगाशी व्यवस्थित बोलत होता, फक्त मला सांगत नव्हता. मग त्याने गूगलचं नाव टाकायला लावलं. उत्तर आलं, असा कोणी सापडत नाही. गूगल सापडत नाही!

"मामाजी, रस्ता आहे. पत्ता नाही," भाचा म्हणाला. "तुमच्या गावात पाहुणा आला. एसटीतून उतरला, रस्ता धड आहे. पण घर कोणाचं कुठं, हे कोणाले विचारते?"

"पानठेल्यावर."

"बस. डीएनएस म्हणजे पानठेला. आपण नाव सांगतो, तो घराचा नंबर सांगते. इंटरनेटवर घरं नंबरानंच असतात. तुमचा पानठेलेवाला बोलून नाही राह्यला."

पोट्ट्याने पुढे इतिहासही सांगितला. आधी नेटला जोडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एका फाईलमध्ये लिहिलेली असायची आणि ज्याला लागेल तो तिची नक्कल उतरवून न्यायचा, आपल्या कोतवालाच्या वहीसारखं. वही पुरेना, तेव्हा 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस नावाच्या माणसाने ही पानठेल्यांची पद्धत काढली. एका ठेल्याला माहीत नसलं की तो पुढच्याला विचारतो. काकाजी म्हणाले, "आपल्या इथी तं पह्यलाच सगळं सांगते. न इचारलेलं बी."

मग त्याने आयपीकॉन्फिग ऑल असं काहीतरी टाइप करायला लावलं. ओळी धबाधबा खाली आल्या. "डीएनएस सर्व्हर्सपुढे काय आहे?" मी चष्मा पुसून आकडा वाचला. दहाने सुरू होत होता.

फोनवर शांतता.

"मामाजी, हा आतला पत्ता आहे. कुठल्यातरी ऑफिसच्या चार भिंतींतला. घरून तिथं पोचताच येत नाही. हा कोणीतरी हातानं टाकला आहे."

"मी काहीच..." म्हणता म्हणता मला डायरी आठवली. मागच्या आठवड्यातलं प्रशिक्षण. तिथलं नेट माझ्या लॅपटॉपवर लागेना म्हणून ऑपरेटरने काही आकडे टाकले, लागलं, आणि मी त्याला चहा पाजला. डायरी काढली. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईने, खाली दोन रेघा मारून: 'घरी गेल्यावर काढून टाकणे.'

डायरी मिटली आणि गादीखाली सरकवली.

पुढचं काम दोन मिनिटांचं होतं. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हाताने भरलेल्या आकड्यावरचा गोल ठिपका उचलून 'ऑटोमॅटिकली'वर ठेवायचा. ठेवला. पोर्टल उघडलं. पहिल्याच पानाने माझा पासवर्ड चुकीचा ठरवला, पण ती कथा वेगळी.

"चालू झालं का?" बायकोने विचारलं. "काय झालं होतं?"

भाचा फोनवर होता. काकाजी खाटेवर होते. डायरी गादीखाली होती.

"काही नाही," मी म्हणालो, "एक फेज गेला होता."

काकाजींनी टेस्टर शांतपणे खिशात ठेवला आणि चहाला होकार दिला.

परवा ग्रामपंचायतीतलं नेट बंद पडलं. बोलावणं काकाजींना आलं. मी ओट्यावरून पाहत होतो. ते आधी पानठेल्यावर थांबले, पान लावलं, आणि टेस्टर कानामागे खोचून पुढे गेले.