टेलिकन्व्हर्टर म्हणजे ‘महागडा क्रॉप’ नव्हे

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायचा, प्रतिमा मोठी करणारा भिंगांचा जोड; तर क्रॉप म्हणजे फोटोच्या कडा कापून हवा तेवढाच भाग ठेवणे. पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांमध्ये एक विधान वारंवार फिरत असते: ‘टेलिकन्व्हर्टर प्रकाश खातो, नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) वाढवतो, फोटो मऊ करतो आणि ऑटोफोकस बिघडवतो, त्यापेक्षा मूळ फोटो क्रॉप केलेला केव्हाही चांगला.’ हे चार आक्षेप एकाच मापाने मोजता येत नाहीत.

दुप्पट कन्व्हर्टरने दोन स्टॉप जातात (दर स्टॉपला सेन्सरवरचा प्रकाश निम्मा होतो) आणि ३०० मिमी एफ/२.८ लेन्स ६०० मिमी एफ/५.६ होते, हे खरे आहे. परंतु फोकल लेंथला एफ-आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो, आणि ३०० भागिले २.८ काय किंवा ६०० भागिले ५.६ काय, उत्तर सुमारे १०७ मिमीच येते. म्हणजे पक्ष्याकडून येणारा प्रकाश लेन्स जवळजवळ पूर्वीइतकाच गोळा करते, फक्त तो सेन्सरवर चौपट क्षेत्रात पसरतो. शटरचा वेग तोच ठेवल्यास आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) चौपट करावा लागतो, पण क्रॉप केलेला फोटो तितकाच मोठा करून पाहिला की नॉइजही जवळपास तितकाच दिसतो. नॉइजचा आक्षेप इथेच गळून पडतो.

मऊपणाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. तो मांडताना दोन्ही फोटो पडद्यावर शंभर टक्क्यांवर, म्हणजे पिक्सेलला पिक्सेल, शेजारी ठेवले जातात, जेव्हा की एकातला पक्षी दुसऱ्यापेक्षा दुप्पट मोठा असतो. ही तुलनाच चुकीची आहे. पक्षी समान आकाराचा केल्यावर लक्षात येते की २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर दुप्पट क्रॉपनंतर केवळ ६ मेगापिक्सेल उरतात, आणि उत्तम प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सने टिपलेली पिसांची बारीक रेघ त्यांत मावत नाही. कन्व्हर्टर स्वतःचे दोष मिसळतो, तरीही अशा लेन्सवर तो तपशील मिळवून देतो, विशेषतः १.४ पटीचा. याउलट एफ/६.३ची झूम लेन्स पूर्ण झूम केल्यावर आधीच मऊ असेल, तर दुप्पट कन्व्हर्टर तो मऊपणाच मोठा करतो. तिथे क्रॉप करणेच योग्य, आणि एवढ्यापुरते ते विधान मला पूर्णपणे मान्य आहे.

ऑटोफोकसची तक्रार मुख्यतः डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, काळातली आहे. त्यांतील अनेक कॅमेऱ्यांची मर्यादा एफ/५.६ किंवा एफ/८ होती, तर मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे त्यापलीकडेही फोकस करतात, जरी अंधुक प्रकाशात वेग कमी होतो.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे त्यांनी ट्रायपॉड वापरावा, अंतर बदलू नये आणि कन्व्हर्टर लावल्यावर फोकस नव्याने करावा. भर उन्हात दूरवरचे लक्ष्य निवडू नये, कारण तापलेल्या हवेची थरथर दोन्ही फोटोंतला तपशील सारखाच पुसून टाकते.