हेलियम म्हणे निम्मंच वजन उचलतो

ती पोस्ट परत फिरायला लागलीय. "हेलियम हायड्रोजनच्या दुप्पट जड म्हणून निम्मंच वजन उचलतो, त्यात हिंडेनबर्ग जळालं आणि लोक हायड्रोजनला घाबरले, नाहीतर आज आपण सगळे एअरशिपनेच फिरलो असतो."

एअरशिप म्हणजे हवेपेक्षा हलका गॅस भरून तरंगणारं, इंजिनावर चालणारं अवाढव्य हवाई जहाज, आणि हिंडेनबर्ग हे त्यातलंच जर्मनीचं, हायड्रोजनवालं. दुप्पट जड, बरोबर. पण वर ढकलते ती बाहेरची हवा, गॅसने फक्त जागा अडवायची. एक घनमीटर हवा 1.29 किलो, तेवढ्याच जागेत हायड्रोजन 0.09 आणि हेलियम 0.18. करा वजाबाकी, 1.20 आणि 1.11. निम्मं कुठून आलं? फरक सात-आठ टक्के. आता हेही खरं की हिंडेनबर्गमधे 2 लाख घनमीटर गॅस होता, म्हणजे हेलियम भरला असता तर 18 टन कमी उचललं असतं, आणि सांगाडा काही हलका होत नाही, ते 18 टन माल-माणसांतूनच कापायचे.

हिंडेनबर्ग 6 मे 1937 ला जळालं, 97 पैकी 62 वाचले. अमेरिकेचं ॲक्रन हे एअरशिप 1933 मधे वादळात समुद्रात पडलं, 76 पैकी 73 गेले, आणि त्यात हेलियमच होता! उलट जर्मनीचंच दुसरं एअरशिप ग्राफ झेपेलिन हायड्रोजनवर नऊ वर्षं उडालं, एकही प्रवासी दगावला नाही. हायड्रोजन गरीब गाय आहे असं म्हणत नाहीये मी, हवेत 4 ते 75 टक्के मिसळला की ठिणगी पुरते. पण वादळाला गॅस कोणता याचं काय पडलंय?

आणि खरी गोची कुणी बोलतच नाही. इंजिन इंधन जाळत जातं तसं जहाज हलकं होत वर जायला बघतं. जर्मन लोक सरळ हायड्रोजन सोडून द्यायचे, स्वस्तच होता. हेलियम महाग, तो कोण सोडणार, म्हणून अमेरिकनांनी ॲक्रनवर इंजिनाच्या धुरातली वाफ थंड करून पाणी साठवायचे कंडेन्सर बसवले, दिसायला विचित्र पण डोकं भारी.

राहिलं सगळ्यांनी फिरणं. हिंडेनबर्गचा स्पीड ताशी सव्वाशे किमी, अटलांटिक ओलांडायला दोन-अडीच दिवस, वारा समोरून आला तर अजून जास्त. जळालं नसतं तरी विमानाने खाल्लंच असतं. रस्ता नाही तिथे अवजड माल पोचवायला एअरशिप चालेल, मान्य, पण 60 टन उतरवले की तेवढंच वजन लगेच परत चढवावं लागतं नाहीतर जहाज सुटलं वर. त्या आडरानात 60 टन पाणी कोण भरून ठेवणार तेवढं पोस्टमधे टाका, मग मी पण शेअर करतो.