एक नंबरवर भेटू

मी दादरला राहतो, एवढाच माझा गुन्हा. कल्याणच्या माणसाला बोरिवलीच्या माणसाला भेटायचं असलं, वाशीकरणीला मुलुंडकरणीशी बोलायचं असलं, की सगळ्यांचं बोट नकाशावर फिरत फिरत माझ्या घरावर येऊन टेकतं. "दादर सगळ्यांना सेंट्रल पडतं रे!" हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतोय की दारावरच्या पाटीवर आडनावाऐवजी 'मध्यवर्ती' लिहायला आता हरकत नाही.

आमचा कॉलेजचा ग्रुप आठ जणांचा. माटुंग्याचं कॉलेज, १९९६ची बॅच. खरी नावं आम्हालाच चटकन आठवत नाहीत. बटाटा, जॅकी, प्रिन्सिपल, टीसी, काकू, डायरी, मिरची आणि मी. काकूला हे नाव एफवायला पडलं, कारण ती डब्यात सगळ्यांसाठी जास्तीच्या पोळ्या आणायची. आता ती खरोखरची काकू आहे आणि पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणते. बटाट्याला डॉक्टरांनी बटाटा बंद केलाय. टीसी हा पास संपल्यावर तीन महिने बिनतिकीट हिंडून एकदाही सापडला नव्हता, म्हणून टीसी. तो तेव्हा टीसीला सापडत नसे, आता आम्हाला सापडत नाही.

तर प्रिन्सिपलने ग्रुपवर टूम काढली. त्याने हल्ली व्हीआरएस घेतलीय आणि त्या पोकळीत सिनेमा शिरलाय. "नुसतं भेटून काय करायचं? चकल्या खायच्या आणि बीपीच्या गोळ्यांची नावं सांगायची? त्यापेक्षा एक सिनेमा बघू. आपल्यावरच आहे." सिनेमा होता 'द बिग चिल'. १९८३चा, लॉरेन्स कॅस्डनचा. मिशिगन विद्यापीठात एकत्र शिकलेले मित्र-मैत्रिणी बऱ्याच वर्षांनी एका मित्राच्या अंत्यविधीला येतात आणि शनिवार-रविवार एकाच घरात राहतात, एवढीच गोष्ट. बाकी नुसत्या गप्पा, जुनी गाणी आणि एकमेकांची उणीदुणी.

यातली मेख माझ्या लगेच लक्षात आली. त्यांच्यात एक जण गेला म्हणून बाकीचे जमले. आमच्यात ते कोणी मनावर घेत नव्हतं. सगळे टुणटुणीत, आणि म्हणून सगळे बिझी. ऑगस्टमध्ये तारीख काढली तर जॅकीचा श्रावण, आणि जॅकीच्या मते चिकनशिवाय मैत्री फुलत नाही. मग गणपती. मग पितृपक्ष, त्यात काही अशुभ नाही असं मी म्हटल्यावर काकूने नुसतं "बरं" असं लिहिलं, आणि ज्याने मराठी बाईचं 'बरं' वाचलंय त्याला पुढचं सांगायला नको. नवरात्रात डायरीचे उपास, दिवाळीत सगळेच गावी, डिसेंबरात लग्नं. जानेवारीतला एक रविवार सगळ्यांना चालत होता, तर नेमकी त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन. आमच्यातलं कोणी धावणार नव्हतं, पण रस्ते बंद. टीसी मात्र प्रत्येक तारखेला सर्वांत आधी अंगठा दाखवून "नक्की!" असं लिहीत होता. त्याचं 'नक्की' हे सरकारी आश्वासनासारखं असतं. त्यात काळ नसतो, फक्त उत्साह असतो.

शेवटी फेब्रुवारीतला एक रविवार ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी मेगाब्लॉकची बातमी आली. माटुंगा ते मुलुंड, जलद मार्ग, सकाळी अकरा ते दुपारी चार. म्हणून मी सगळ्यांना साडेचारला बोलावलं. पण ब्लॉक चारला संपतो म्हणजे काय, तर चारला ब्लॉकचे परिणाम सुरू होतात.

जॅकी कल्याणहून निघाला, बटाटा बोरिवलीहून. दोघांनी भावुक होऊन परस्पर ठरवलं, की माझ्या घरी एकत्र यायचं आणि त्याआधी दादरला भेटायचं, पूर्वीसारखं, एक नंबरवर. आता पूर्वीचा आमचा एक नंबर म्हणजे मध्य रेल्वेचा. डिसेंबर २०२३मध्ये दादरचे सगळे प्लॅटफॉर्म एका माळेत ओवले गेले. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्यचा एक झाला आठ. जॅकी सात वर्षं दादरला उतरला नव्हता. तो जुन्या आठवणीने बरोब्बर जुन्या जागी जाऊन उभा राहिला. बटाटा आठवणींपेक्षा पाट्यांवर विश्वास ठेवणारा, तो पश्चिमेच्या एकवर. पंचवीस मिनिटं दोघं फोनवर एकमेकांना "अरे मी एक नंबरवरच आहे" असं सांगत होते, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते. पुढे आवाज चढले. "तू कॉलेजातही असाच होतास," इथपर्यंत गेलं. मी चपला घालून स्टेशनवर गेलो, जॅकीच्या डोक्यावरची पाटी त्याला वाचून दाखवली आणि पुलावरून त्याला बटाट्याकडे नेलं. तीन वर्षांनी भेटलेल्या त्या दोघांनी मिठी मारली नाही. रानडे रोडच्या गर्दीतून माझ्या दोन बाजूंनी चालत आले, घटस्फोटाच्या तारखेला आल्यासारखे.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्रत्येक जण वर आला की पहिली पाच मिनिटं नुसता श्वास घेत बसे, त्यामुळे स्वागत शांततेत झालं. सहा वाजता सिनेमा लागला. टीसी सोडून सगळे होते. टीसीचा मेसेज होता, "ऑन द वे."

पहिल्याच दृश्यात फोन वाजतो. बाप लहान मुलाला अंघोळ घालतोय, बायको फोन घेते, बातमी कळते. मग सगळे मित्र ठिकठिकाणी बॅगा भरतात, आणि मध्ये मध्ये एक माणूस कपडे चढवताना दिसतो. नंतर कळतं की चढवणारे हात दुसऱ्याचे आहेत. हाच तो गेलेला. प्रिन्सिपलने इथे पॉज केलं. "हा कोण माहितेय? केव्हिन कॉस्टनर! त्याचे फ्लॅशबॅकचे सीन शूट झाले होते. संकलनात सगळे उडवले. अख्ख्या सिनेमात त्याचा चेहरा नाही."

"म्हणजे आपला टीसी," मिरची म्हणाली.

पुढचा अर्धा तास सिनेमा थांबलेलाच होता. टीसीने कोणाचे किती पैसे द्यायचेत याचा हिशेब निघाला. १९९५चे चाळीस रुपये डायरी अजून विसरलेली नाही. तिचं नाव डायरी का, ते नव्याने कळलं.

सिनेमा एकूण पावणेदोन तासांचा. आमच्या वेगाने तो होळीपर्यंत पुरला असता. म्हणून प्रिन्सिपलने पुढे ढकलत एकदम तो प्रसिद्ध प्रसंग लावला. रात्रीचं जेवण झालंय आणि सगळे मिळून आवरताआवरता स्वयंपाकघरात नाचतायत. तेवढा मात्र आम्ही न बोलता बघितला. मग काकू म्हणाली, "बघा, पुरुष आवरतायत." सोफ्यावरच्या चार पुरुषांनी एकदम चष्मे पुसायला घेतले. माझी बायको तेव्हा आत वडे तळत होती आणि तिने हे ऐकलं, हे मला झाऱ्याच्या आवाजावरून कळलं.

यानंतर जे घडलं त्याला मिरची जबाबदार. "चला, आपणही," म्हणत तिने सगळ्यांना उठवलं. आता त्या अमेरिकन घरात स्वयंपाकघर म्हणजे आमच्या सोसायटीची गच्ची. आमच्याकडे कडप्प्याचा ओटा, फ्रिज आणि एक माणूस, एवढीच सोय; दुसरा आत यायचा तर पहिल्याने श्वास सोडायचा. तिथे सात जण शिरले, आठवी माझी बायको कढईपाशी अडकलेली. नाचायला जागा नव्हती म्हणून सगळे नुसते खांदे हलवत होते, विरार लोकलमध्ये भजन चालू असावं तसे. बटाट्याचं कोपर मिसळणाच्या डब्याला लागलं. हळद जॅकीच्या शर्टावर, मोहरी जमिनीवर. मोहरीवरून प्रिन्सिपल घसरला, पण पडला नाही, कारण पडायलाही जागा नव्हती. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन दारातून विचारून गेले, "कोणाची हळद आहे का?"

साडेनऊला सगळे एकदम उठले. सिनेमातल्या कोणालाही शेवटची गाडी, सकाळची दुधाची पिशवी, सासूची गोळी नव्हती. आमच्याकडे सगळ्यांकडे तीन्ही होतं. जॅकी आणि बटाटा एकाच पुलावरून गेले. मी खिडकीतून बघितलं, जॅकीच्या पिवळ्या पाठीवर बटाट्याचा हात होता. की तो हळद झटकत होता, सांगता येणार नाही.

मी केरसुणीने मोहरी गोळा करत होतो. अकरा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात टीसी. धापा टाकत, हातात आईस्क्रीमचं बॉक्स, त्यातून आईस्क्रीम कधीच उतरून गेलेलं.

"सगळे कुठायत?"

"गेले," मी म्हणालो.

"असे कसे गेले? मी लिहिलं होतं ना, ऑन द वे?"

बायकोने आतून सांगितलं, "भावजी, वडे संपले. आमटी-भात आहे." तो हात न धुता बसला, मग उठून धुऊन आला, मग पुन्हा बसला. ताट मांडीवर घेऊन म्हणाला, "तो सिनेमा काय होता रे? लाव की. मला काय, घरी वाट बघणारं कोणी नाही."

मी पहिल्यापासून लावला. फोन वाजला. बॅगा भरल्या गेल्या. तो माणूस कपडे चढवू लागला.

"हा कोण?" टीसीने भात कालवत विचारलं.

"हा तू," मी म्हणालो.