आधी भाऊंना फोन लावा

दवाखान्याशी वाजलंय ना? मग शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आजोबांचं वाक्य आठवा आणि प्रकरण बाहेरच्या बाहेर मिटवा. सोपं असतं.

सगळ्यात आधी कागद मागायचे नाहीत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहून ठेवलंय की रुग्णाने किंवा नातेवाइकाने उपचारांच्या नोंदी मागितल्या की ७२ तासांत द्यायच्या. पण अर्ज लिहा, पोच घ्या, तारीख टाकून घ्या, ही कारकुनी तुम्हाला शोभत नाही. त्यापेक्षा बिलाच्या खिडकीवर मूठ आपटा आणि 'माणसाच्या जिवाची काही किंमत आहे की नाही?' असं तिथल्या मुलीला विचारा. तिने तुमचा पेशंट कधी पाहिलेला नसतो, म्हणून तिलाच विचारायचं.

२०२१ च्या नर्सिंग होम नियमांमुळे भिंतीवर रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावलेलं असतं. कुठे? वॉटर कूलरच्या मागे बघा. बघितलंत? आता विसरा.

आता भाऊ. प्रत्येक वॉर्डात एक असतात. गाडीतून सात-आठ पोरं उतरतात, भाऊ केबिनमध्ये जातात, दार लागतं, आत चहा जातो. दहा मिनिटांनी बाहेर येऊन भाऊ तुमच्या खांद्यावर हात ठेवतात, 'वीस हजार कमी केले.' ऑपरेशनमध्ये नेमकं काय चुकलं, हे तुम्हीही विचारत नाही, भाऊही नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. ते वीस हजार बिलात मुळात आले कुठून, हेही विचारू नका. पुढच्या भाऊंसाठी काहीतरी शिल्लक राहायला हवं. महिन्याभरात चौकात 'रुग्णसेवक' म्हणून बॅनर लागेल, त्याची वर्गणी द्या.

भाऊ गावाला गेले असतील तर काच आहेच, फोडा. दवाखान्यातल्या तोडफोडीला राज्याच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई ठेवलीय. पण फायदा बघा: तोवर फक्त तुमची तक्रार होती, आता दवाखान्याचीही झाली. तुम्ही तुमची सोडा, आम्ही आमची बघतो, अशी बोलणी सुरू होतात. मूळ पेशंट तेव्हा कोणाच्या लक्षात असतो?

डॉक्टरसाहेब, तुम्हालाही सांगतो. नातेवाइकांसमोर स्वतः कधी बसू नका. आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला पाठवा, त्याने 'कॉम्प्लिकेशन झालं' एवढंच म्हणावं. घडलं ते सरळ सांगितलंत तर माणसं ऐकून घेतील, रडतील आणि कदाचित घरी जातील. मग भाऊंनी काय करायचं?

काही भाबडे मध्यस्थीचं नाव काढतात. २०१९ च्या ग्राहक कायद्यात ती आहेही. दोघांची तयारी असेल तर ग्राहक आयोग प्रकरण मध्यस्थाकडे पाठवतो. मात्र २०२० च्या नियमांनी निष्काळजीपणामुळे गंभीर इजा किंवा मृत्यू झालेली प्रकरणं त्यातून वगळली. म्हणजे माणूस धडधाकट घरी आला असेल तर शांतपणे समोरासमोर बसा. गेला असेल तर भाऊ आहेतच, त्यांना असली अट नाही.

शेवटी एक छापील कागद पुढे येईल. 'आमची कोणतीही तक्रार नाही, हे समजून-उमजून लिहून देत आहोत.' वाचत बसू नका, मागे दुसरं कुटुंब ताटकळलंय. सही करा आणि पेन परत द्या.