आधी वारा कमी करा, मग गाणं लावा

हेल्मेटमध्ये स्पीकर बसवला, गाणं सुरू केलं, शहराबाहेर पडून वेग घेतला आणि गाणं गायबच झालं! ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकतो की आज सविस्तर लिहायलाच बसलो. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "याहून मोठा आवाज देणारा स्पीकर कुठला?" माझं उत्तर दर वेळी एकच असतं आणि ते बहुतेकांना पटत नाही. स्पीकर राहू द्या, आधी इअरप्लग घ्या. कानात बोळे घातले की बाईकवर गाणं जास्त चांगलं ऐकू येतं. वाचायला उलटं वाटेल, पण तसंच होतं आणि का होतं तेही सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बाईकवर गाणी ऐकण्याला माझा विरोध नाही. सकाळी लवकर निघावं, रस्ता सरळ आणि मोकळा असावा, इंजिन एका लयीत चालू असावं आणि कानात आवडता आवाज असावा, यासारखं सुख थोडंच असतं. हे सुख म्हातारपणीही मिळावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून कानांबद्दल मी इतका आग्रही आहे.

आता वाऱ्याकडे वळू. ताशी 60-65 किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत, कानापाशी, आवाज साधारण 85 ते 90 डेसिबलच्या घरात जातो. ताशी 100 च्या पुढे गेलात की तो 95-100 च्या आसपास पोचतो. हेल्मेट, गाडीची बांधणी, चालवणाऱ्याची उंची यांनुसार आकडा मागेपुढे होतो, पण चित्र हेच राहतं. महागडं हेल्मेट घेतलं म्हणून सुटका होत नाही. फरक पडतो, पण थोडाच. आणि हायवेच्या वेगाला यातला मुख्य वाटा वाऱ्याचा असतो, इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा नव्हे. वेग वाढतो तसा हा आवाज फार झपाट्याने चढतो. वेग दुप्पट झाला तर ढोबळमानाने 15 ते 18 डेसिबलची भर पडते. म्हणजे ताशी 110 वरून 90 वर आलात तरी कानांना फरक कळतो.

डेसिबलचे आकडे फसवे असतात. 90 आणि 100 मध्ये दहाचाच फरक दिसतो, पण ध्वनीची ऊर्जा दहा पट झालेली असते. अमेरिकेची कामगार-आरोग्य संशोधन संस्था 'नायॉश' 85 डेसिबलला दिवसाला 8 तास ही मर्यादा सांगते आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करते. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 94 ला 1 तास. 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. एवढ्या वेळात आपण हायवेला नीट लागलेलोही नसतो. आणि हा हिशेब नुसत्या वाऱ्याचा झाला, गाणं अजून सुरूच केलेलं नाही.

लांबच्या राइडनंतर हेल्मेट काढलं की कानात दडे बसल्यासारखं होतं, समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं, रात्री अंथरुणावर पडल्यावर बारीक सूं सूं चालू राहते. आपण त्याला राइडचा थकवा म्हणतो आणि सोडून देतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी थकल्याची ती खूण असते. सकाळपर्यंत बरं वाटतं म्हणून आपण निर्धास्त होतो. पण या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यावर अजून औषध नाही.

आता 97 डेसिबलच्या वाऱ्यावर गाणं ऐकायचं तर काय करावं लागेल? गाणं वाऱ्याच्या बरोबरीला किंवा वर न्यावं लागेल. बटण दाबत राहायचं आणि आधीच मार खात असलेल्या कानावर आणखी मारा करायचा. एवढं करूनही गाणं नीट ऐकू येत नाही. वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला, घोंघावणारा असतो. असा जाड आवाज खूप मोठा झाला की तो स्वतःच्या पट्टीतले आवाज तर झाकतोच, वरच्या पट्टीतलेही गिळतो. कानाच्या रचनेमुळेच असं होतं आणि आवाज जितका मोठा तितकं हे झाकोळणं जास्त. म्हणून व्हॉल्यूम वाढवून सगळं मोठं होतं, पण स्पष्ट काहीच होत नाही. शब्द कळत नाहीत, सुरावट पुसट राहते.

इअरप्लगमुळे नेमकं हे बदलतं. प्लग वारा आणि गाणं दोन्ही खाली आणतो, पण आवाजाचा एकूण दाब कमी झाल्यामुळे वारा वरच्या पट्टीवर पसरून बसत नाही. कानाला पुन्हा भेद करता येतो. पहिल्यांदा प्लग घालून निघालेल्या माणसाचा चेहरा पहिल्या थांब्यावर बघावा. "अरे, शब्द कळतायत!" हेच वाक्य येतं. फोमचे प्लग वरचे सूर जरा जास्त खातात, म्हणून इक्वलायझरमध्ये बेस, म्हणजे खालचे सूर, कमी करून ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, थोडे वाढवायचे. सगळे सूर साधारण सारखे खाली आणणारे फिल्टरचे प्लगही मिळतात. संगीतासाठी मला तेच आवडतात. कापसाचे बोळे मात्र नकोत, त्यांनी जवळपास काहीच अडत नाही.

प्लग घालायची एक रीत आहे. नुसते कानाच्या तोंडाशी टेकवले तर ते निरुपयोगी, आणि "प्लगने काही फरक पडला नाही" म्हणणारे बहुतेक जण तेच करत असतात. हात स्वच्छ पुसा. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली काडी करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे आतला वाकडा मार्ग सरळ होतो. काडी आत सरकवा आणि प्लग फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमायला लागला की समजायचं, बसला. मग हेल्मेट घालताना दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला नीट ताणा. हेल्मेट कानावरून घासत खाली आलं की पाळी दुमडते आणि इतका वेळ धरून बसवलेला प्लग अर्धा बाहेर येतो. तसं झालं तर आळस न करता हेल्मेट काढून पुन्हा बसवा.

यानंतर वारा येतो कुठून ते शोधा. बराचसा आवाज हेल्मेटच्या खालून, हनुवटी आणि मानेजवळच्या फटीतून आत शिरतो. तिथे हनुवटीखालचा पडदा बसवला किंवा मानेभोवती गळपट्टा घेतला की फरक जाणवतो. गळपट्ट्याची टोकं जॅकेटच्या आत खोचलेली हवीत, मोकळी फडफडता कामा नयेत. वायझर, म्हणजे हेल्मेटची पुढची काच, एक टप्पा उघडा असेल तर आवाज लगेच वाढतो. हेल्मेटवर चिकटवलेला कॅमेरा शिट्टी वाजवतो, कपाळावर पुढे आलेला छज्जा घुमतो. सैल हेल्मेट सगळ्यात वाईट. ते आवाजही करतं आणि पडलात तर धड वाचवतही नाही.

विंडशील्डबद्दल मोठा गैरसमज आहे. उंच काच लावली म्हणजे शांतता, असं वाटतं. पण काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा भोवरे करत येते आणि ती नेमकी हेल्मेटवर आदळली तर काच नसताना जितका आवाज होता त्याहून जास्त होतो. रिकाम्या, सरळ रस्त्यावर क्षणभर पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, थोडं उठून बघा. डोकं स्वच्छ वाऱ्यात गेल्यावर ती धडधड थांबून एकसारखा आवाज येत असेल, तर दोष काचेच्या उंचीत आहे. अशा वेळी उंच काचेऐवजी छोटी काच जास्त कामाची ठरते.

स्पीकरचं म्हणाल तर त्याच्या आकारापेक्षा जागा महत्त्वाची. दहापैकी नऊ हेल्मेटांत तो कानासमोर नसतोच, असं माझं मत आहे. वेल्क्रो चिकटवण्याआधी हेल्मेट घाला, गाणं लावा आणि गालाच्या पॅडखालून बोट घालून स्पीकर हळूहळू मागे, वर, खाली सरकवा. एका जागी अचानक बेस भरतो आणि गाणारा जवळ येतो. ती जागा. तिथून एक सेंटिमीटर हलला तरी गाणं पातळ होतं. कान आणि स्पीकर यांत अंतर राहत असेल तर मागे मऊ पॅड देऊन तो पुढे आणा. आणि कृपा करून स्पीकरला जागा करायला आतला कडक थर्माकोल कोरू नका. पडल्यावर धक्का तोच शोषून घेतो.

नॉइज कॅन्सलिंगचे इअरबड लावू का, असंही विचारलं जातं. ते खालच्या पट्टीतली एकसारखी घरघर चांगली मारतात, पण भोवऱ्यांची फडफड पकडताना गोंधळतात आणि वरच्या पट्टीत त्यांचं फारसं चालत नाही. त्यांचं खरं काम कानात घट्ट बसणाऱ्या टोकाने होतं, म्हणून फोमची टोकं लावा. बाहेरचा आवाज आत घेणारा मोड बंद ठेवा, नाहीतर माइकमधून वाराच कानात येईल. बाहेर आलेला इअरबड हेल्मेटच्या अस्तराने दाबला गेला की तासाभरात कान दुखतो. शिवाय गाडी चालवताना कानात इअरफोन घालायला काही देशांत बंदी आहे. फ्रान्समध्ये ती 2015 पासून आहे. आपण जिथे चालवतो तिथला नियम आधी बघावा.

काय ऐकायचं यालाही महत्त्व आहे. अगदी हळू सुरू होऊन हळूहळू चढणारं संगीत बाईकवर वाया जातं. आलापाची सुरुवात वारा खातो, तंबोरा विरतो, तबल्यातल्या बायाचा घुमारा वाऱ्याच्याच पट्टीत बुडतो. मग आपण आवाज वाढवतो आणि द्रुत लागली की दचकतो. एकसारख्या आवाजात चालणारं, ज्यात गळा पुढे आहे असं गाणं टिकतं. माणसाचं बोलणं तर उत्तमच टिकतं, लांबच्या कंटाळवाण्या पट्ट्यावर मी पुष्कळदा गप्पांचे कार्यक्रम लावतो. फार वेगवान ठेक्याची गाणी मी टाळतो. संशोधक वॉरन ब्रॉडस्की यांनी 2001 मध्ये सिम्युलेटरवर केलेल्या प्रयोगांत संगीताची लय वाढली तसा चालवणाऱ्यांचा वेगही वाढला होता. माझा अनुभव वेगळा नाही, मनगट आपोआप फिरतं.

आवाज किती ठेवायचा? हायवेच्या वेगाला जो व्हॉल्यूम बरा वाटतो तो तसाच ठेवून, बटणाला हात न लावता, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. आता तेच गाणं कानठळ्या बसवत असेल, तर इतका वेळ तुम्ही तेच कानावर आदळत होता. वाऱ्यामुळे कळलं नाही, इतकंच. चालत्या गाडीवर गाण्याच्या मागे इंजिनाची चढउतार ऐकू यायला हवी. चेन कुरकुरली, इंजिनाचा सूर बदलला, तर ते पहिल्यांदा आपल्यालाच कळायला हवं.

"प्लग घातले तर हॉर्न कसा ऐकू येणार?" हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. हायवेच्या वेगाला प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही खाली आणतो, त्यामुळे हॉर्न वाऱ्यात हरवत नाही. उलट 97 डेसिबलमध्ये बधिर झालेल्या कानापेक्षा प्लग घातलेला कान तो बरा ओळखतो. पण गर्दीत, कमी वेगात ही गोष्ट लागू होत नाही. तिथे वारा नसतो, म्हणून प्लगची गरज नसते आणि गाण्याला जागाही नसते. शेजारून घुसणारी सायकल, मागून येणारी रुग्णवाहिका, रस्त्यात धावत येणारं पोर या सगळ्यांना आपला पूर्ण कान लागतो. गावात शिरलो की माझं गाणं बंद. वळणांचा रस्ता, पाऊस, अनोळखी अंधारा रस्ता, अवजड वाहनांची लांबलचक रांग ओलांडायची असेल तेव्हाही बंद. हातमोज्यातून दाबता येईल असं पॉजचं बटण नसेल तर तो इंटरकॉम, म्हणजे हेल्मेटला लावायचा स्पीकर-माइकचा संच, मी घेणार नाही.

आणि मागे बसणाऱ्याचं काय? या सगळ्या चर्चेत त्याची आठवण कुणालाच होत नाही. त्याचं डोकं बहुतेक गाड्यांवर आपल्यापेक्षा उंच असतं, पुढे काच नसते, आपल्या हेल्मेटवरून सुटलेले भोवरे त्याच्यावर आदळतात आणि घरातलं जुनं, सैल झालेलं हेल्मेट हमखास त्याच्याच डोक्यावर जातं. तो गाणंही ऐकत नसतो, नुसता वारा सोसत असतो. खिशात प्लगची एक जोडी जास्तीची ठेवा, आणि निघण्याआधी त्याचे प्लग नीट बसलेत का ते स्वतः बघा.