नळ कुणाच्या बापाचा?

आज दुपारी पुण्याच्या कॅम्पातल्या एका चित्रप्रदर्शनाला गेले होते. डोकं अजून तापलेलं आहे, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घ्या. प्रदर्शन कुणाचं, कुठल्या हॉलात, ते लिहीत नाही. पोरं पंचविशीतली आहेत, पदरमोड करून केलेलं दिसतंय, उगाच माझ्या पोस्टखाली त्यांची धुलाई नको.

विषय आमचा कॅम्प. म्हणजे लष्कर. मी तिथेच जन्मले, लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. साचापीर स्ट्रीटच्या मागच्या अंगाला, एका पारशी मालकाच्या लाकडी जिन्याच्या इमारतीत. त्यामुळे कौतुकानेच गेले होते हो. इस्त्रीची साडी नेसून गेले.

दारातच गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक गोड मुलगी. "काकू, तुम्ही इथल्याच का? मग एक छोटासा बाइट द्या ना, लहानपणच्या कॅम्पची एखादी आठवण." म्हटलं, देते की. आणि मी नळाची गोष्ट सुरू केली. अर्ध्या मिनिटात तिचा मोबाइल हळूहळू खाली यायला लागला. "काकू... काहीतरी पॉझिटिव्ह सांगा ना. एकोप्याचं वगैरे."

अगं बाई, मी एकोप्याचंच सांगत होते!

तिने ऐकलं नाही, आता तुम्ही ऐका.

साल ७७ किंवा ७८. अख्ख्या इमारतीला नळ एक, तळमजल्यावर जिन्याखाली. पाणी सहाला यायचं, आठला जायचं. एरवी नुसती धुसफुस असायची, पण शुक्रवारी युद्ध. कारण शुक्रवार सगळ्यांचाच होता. खालच्या चाचीकडे पाच पुरुष, जुम्म्याच्या नमाजाला जायच्या आधी पाचही जणांच्या आंघोळी. वरच्या मजल्यावरच्या मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. त्यांना शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घर धुऊन, शनिवारचं सगळं रांधून मोकळं व्हायचं असे, कारण शब्बाथ लागला की चूल पेटवायची नाही. माझी आई तेव्हा संतोषी मातेचे शुक्रवार करायची. (१९७५ साली तो सिनेमा आला आणि घरोघरच्या बायकांचे शुक्रवार बुक झाले, आठवतंय ना?) म्हणजे डोक्यावरून न्हाणं, फरशी पुसणं, देवाची भांडी. आणि शेजारची गोव्याची आंटी. तिच्याकडे शुक्रवारी मटण बंद. मटण बंद म्हणजे बांगडे. ती साडेसातला शिवाजी मार्केटातून बांगडे घेऊन यायची आणि साफ करायला बसायची कुठे? नळावर. माझ्या आईच्या संतोषी मातेच्या कळशीला खेटून.

"नळ काय तुझ्या बापाचा आहे?"

हे वाक्य मी त्या जिन्याखाली चार भाषांत शिकले. आणि गंमत म्हणजे आपापल्या भाषेत कुणी भांडायचंच नाही. आई चाचीला विचारायची, "नल क्या तेरे बाप का है?" चाची आईला, "नळ काय तुज्या बापाचा हाय का गं?" आंटीला दोघी मिळून कोंकणीत, "नळ तुज्या बापायचो?" शिवी झोंबायला हवी तर समोरच्याच्या भाषेत द्यावी लागते. त्यासाठी ती भाषा यावी लागते. आईला शिकवणी कुणी लावली होती? दहा वर्षं त्याच नळावर उभी राहून शिकली ती.

एका शुक्रवारी आवाज इतका चढला की मालक बाहेर आले. आम्ही त्यांना बावाजी म्हणायचो. सदरा, पायजमा, तोंडाला अर्धा साबण, हातात दाढीचा ब्रश. कठड्यावरून वाकून ओरडले, "ए नळ मारा बापनो छे! हवे चूप!"

आणि खरंच होता हो. इमारत त्यांच्या वडिलांनीच बांधलेली.

क्षणभर सगळ्या गप्प. मग पहिल्यांदा चाची फिस्सकन हसली. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या भिंतीवर खडूने आखलेली चौकट. नावगाव काही नाही, नुसता खोलीचा नंबर आणि वेळ. दर शुक्रवारी नंबर एक घर पुढे सरकायचा. भांडण थांबलं असं समजू नका. आता ते मिनिटांवरून व्हायला लागलं.

तर हे मी त्या मुलीला सांगत होते. आणि पॉझिटिव्ह सांगा म्हणे.

आत गेले तर आतही चौकटीच. प्रत्येक समाजाला एकेक. पारशी आजोबा डगली-टोपीत. बोहरी बाई रिद्यात. तमिळ मामी कांजीवरम नेसून. ख्रिश्चन नवरी पांढऱ्या झग्यात. मराठी बाई म्हटल्यावर अर्थातच नऊवारी, नथ, चंद्रकोर. माझ्या आईने नथ घातली ती स्वतःच्या लग्नात, त्यानंतर नाव नाही! सगळे सणाचे कपडे घालून आपापल्या खिळ्यावर. कुणी कुणाकडे बघत नाही. सगळे तुमच्याकडे बघून हसतायत, स्थळासाठी फोटो काढायला बसल्यासारखे. मधोमध श्रूजबेरी बिस्किटांचा पुडा, तो तर हवाच. पाट्या झाडून सगळ्या इंग्रजीत. ज्यांची चित्रं लावलीत त्यातल्या निम्म्यांनी त्या कुणाकडून वाचून घ्यायच्या?

बेने इस्राएल बाईचं चित्र बघून तर मी मटकन बसलेच. हातावर मेंदी, हिरव्या बांगड्या, छान काढलंय, खोटं का बोलू. पण मागे काय काढलंय, तर लाल देऊळ! मावशी असत्या तर तिथल्या तिथे कंबर कसली असती. लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६७ सालचं, बगदादहून आलेल्या डेव्हिड ससूनच्या पैशातून उभं राहिलेलं. बगदादी ज्यू वेगळे, त्यांची भाषा वेगळी, त्यांचा तोरा वेगळा. कोकणातून आलेल्या, आडनावात 'कर' असणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हटल्या जाणाऱ्या या लोकांना ते बरोबरीचं मानत नसत. मावशींचं सिनेगॉग रास्ता पेठेतलं. "ते त्यांचं, हे आमचं," असं ठसक्यात सांगायच्या. म्हणजे बघा, त्यांच्या घरातल्या घरातही भांडण होतं. ते पुसून टाकलं की काय उरतं? 'ज्यू समाज' अशी एक पाटी.

बाबाजानचंही चित्र आहे. कडुनिंबाखाली बसलेली म्हातारी, डोक्यामागे प्रकाशाचं वलय. बाजूच्या पाटीवर लिहिलंय की १९१३-१४ च्या सुमाराला या मुसलमान फकीर बाईने मेरवान इराणी नावाच्या कॉलेजातल्या पोराच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि तो पुढे मेहेरबाबा झाला. बरोबर आहे. पण मधलं गाळलंय! त्यानंतर ते पोरगं महिनोन् महिने खाईना, झोपेना, कुणाशी बोलेना. तेव्हा त्याची आई तडक बाबाजानकडे गेली, माझ्या मुलाला काय केलंस म्हणून जाब विचारायला. मला तर आख्ख्या गोष्टीत ती आई सगळ्यात जवळची वाटते. तिचं चित्र काढा ना कुणीतरी.

हो, कळतंय मला. आज असं भांडण झालं तर कुणीतरी व्हिडिओ काढेल आणि संध्याकाळपर्यंत दोन्हीकडून झेंडे येतील. पोरं घाबरतात, त्यात त्यांची चूक नाही. मान्य.

पण म्हणून चाचीला हसऱ्या चौकटीत टांगून ठेवायचं? तुम्हा लोकांना सांगायला नको, पण याच चौकटीसमोर सेल्फी काढणाऱ्यातले किती जण आपल्या सोसायटीत चाचीच्या नातवाला फ्लॅट भाड्याने देतील? चित्र चालतं, कारण चित्राला पाणी लागत नाही!!

चहा घेऊन आले. आता जरा शांतपणे लिहिते, कारण एक गोष्ट मघापासून खुपतेय.

प्रदर्शनात भीमपुऱ्यातलं, म्हणजे आमच्या दलित वस्तीतलं, कुणी नाही. एकही चौकट नाही. कॅम्पातच आहे ना भीमपुरा? की तो 'रंगीत' नाही म्हणून वगळला? यावर मी त्या मुलीला ऐकवणार होते. शब्द तोंडापर्यंत आले होते. आणि एकदम आठवलं की आमच्या खडूच्या चौकटीत तरी कुठे होतं? जिना झाडायला एक बाई यायची. ती नळाला हात लावत नसे. डबा घेऊन लांब उभी राहायची, कुणीतरी वरून ओतेपर्यंत. ओतणाऱ्यात माझी आई होती, मावशी होत्या, चाचीसुद्धा होती. बाकी सगळ्या गोष्टींवरून भांडणाऱ्या या बायकांचं यावर मात्र एकमत होतं. तो खरा 'एकोपा', घ्या. तिला कुणी विचारलंही नाही की तुझा शुक्रवार कसा असतो. आणि आईने पहिली काही वर्षं चाचीकडचा चहा घेतला नव्हता, तेही लिहूनच टाकते आता.

मग त्या मुलीला काही बोलले नाही मी.

परत निघताना दाराजवळ, आग विझवायच्या लाल नळकांड्याशेजारी, एक एवढासा कागद दिसला. पेन्सिलने काढलेला लाकडी जिना. पायऱ्यांवर चपला. एक कोल्हापुरी, दोन रबरी, एक बंद तुटलेली, लहान मुलाचा एकच बूट. कठड्याला दोरीने बांधलेली बादली. माणूस एकही नाही. कोण राहतं ते कळत नाही. समोर बराच वेळ उभी राहिले. ज्याने काढलंय त्याने तो जिना रोज चढलाय, पैजेवर सांगते. जाणार असाल तर तेवढं तरी बघा. बाकीचं बघितलं नाही तरी... बरं, बघा, बाकीचंही बघा. मेहनत आहे.

मावशी ७९ च्या सुमाराला मुलांपाठोपाठ इस्राएलला गेल्या. जायच्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी आईने त्यांचा हंडा आधी भरून वर नेऊन ठेवला. मावशींनी म्हणे तोही "अर्धाच भरलास गो" म्हणून परत पाठवला. वर्षभराने लोद गावाहून पत्र आलं, मराठीत, त्या उभट अक्षरात. घर कसं आहे, थंडी किती आहे, नारळ मिळत नाही. शेवटी एक ओळ होती: इथे नळाला दिवसभर पाणी असतं, खाली कुणी येतच नाही.

रिक्षात बसल्यावर आईला फोन लावला. ऐंशी पार झाली, ऐकू कमी येतं, ओरडून सांगावं लागतं. सगळं सांगितलं. चौकटी, पाट्या, मावशींच्या मागचं लाल देऊळ, सगळं. रिक्षावाला आरशातून बघत होता. आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि आंटी? तिचं लावलंय का?"

म्हटलं, हो, लावलंय, पांढऱ्या झग्यात, हातात फुलं घेऊन.

"फुलं?" आई म्हणाली. "आणि माझ्या कळशीत सापडायचे ते बांगड्याचे खवले?"