मालक, एकोणीसवरच थांबा

"कायदा रोज बदलतोय हो, धंदा करायचा का वाचत बसायचं?" हे वाक्य आधी पाठ करा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या चहाच्या टपरीवर, गोकुळ शिरगावातल्या उद्योजकांच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही खपतं. समोरचा मालक असेल तर मान हलवतो, कामगार असेल तर गप्प बसतो.

सरकारनंही 21 नोव्हेंबर 2025 ला या वाक्याला नवी धार लावून दिली. 29 कामगार कायदे गुंडाळून चार कामगार संहिता लागू केल्या. आता "नियमांचं नीट कळू दे, मग बघू की" एवढ्यावर बरेच दिवस निघतात. मागच्या महिन्याचा पगार सात तारखेच्या आत द्यायचा, हे 1936 च्या कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर 1948 पासून आहे. हे मात्र बोलून दाखवायचं नाही. आजोबांच्या काळापासून न पाळलेल्या गोष्टीला 'अचानक झालेला बदल' म्हणायचं असतं.

कायदा सगळा वाचू नका, फक्त आकडे वाचा. पीएफला 20 माणसं लागतात. विजेवर चालणारा कारखाना पूर्वी 10 कामगारांवर कारखाना ठरायचा, आता 20 वर. म्हणजे तुम्ही जन्मभर एकोणीस. विसावा माणूस आलाच तर त्याच शेडला दुसरा बोर्ड लावा, प्रोप्रायटर वहिनीसाहेब. तिसऱ्या बोर्डाला मेहुणा आहेच. मीटर एक, गेट एक, भट्टी एक, फर्म तीन. पीएफवाले अशा फर्मा एकत्र धरतात आणि एकदा लागू झालेला पीएफ माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही, असं कन्सल्टंट सांगेल. कन्सल्टंट बदला.

आता पगाराची कलाकुसर. हुपरीच्या चांदी कारागिरानं हात जोडावेत असं बारीक काम आपल्याकडं पगारपत्रकात होतं. मशीनवरच्या माणसाला 26,000 द्यायचे, त्यात मूळ पगार 7,800. उरलेलं घरभाडं आणि प्रवास. माणूस राहतो बापाच्या घरात आणि येतो भावाच्या गाडीवर मागं बसून, पण भत्ते घेतो कलेक्टरसारखे. का? तर नोकरी सुटताना द्यायची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर. महिना सव्वीस दिवसांचा धरून नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, या हिशेबानं वर्षाला 4,500 त भागायचं. नव्या संहितेनं या कलेची पार माती केली. असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. वेतन झालं 13,000 आणि ग्रॅच्युइटी वर्षाला 7,500. त्यात ठरावीक मुदतीच्या कामगाराला ती एक वर्ष भरलं की लागू, पाच वर्षं थांबणं नाही. पूर्वी चार वर्षं अकरा महिन्यांनी माणसाचं काम अचानक बिघडायचं. आता ते अकराव्या महिन्यातच बिघडवावं लागेल. मालकांच्या डोक्याला केवढा ताप!

नेमणूकपत्र द्या म्हणतात. तुम्ही म्हणा, "आमच्याकडं सगळी घरच्यासारखी." घरच्या माणसाला कुणी पत्र देतं का? (घरच्या माणसाला वाटणी द्यावी लागते, म्हणून नातं पत्रापर्यंतच ताणावं.) 26 जूनला शाहू महाराजांच्या फोटोला हार घालताना सामाजिक न्यायावर पाच मिनिटं बोला आणि हार आणायला त्याच घरच्या माणसाला पाठवा.

चाळिशीपुढच्या कामगारांची दर वर्षी मोफत तपासणी, हे तर फारच झालं. ओतकामाचे तुकडे घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याच्या छातीत वाळूची धूळ गेली तर खडाभर गूळ द्यायची आपली रीत आहे. गूळ कोल्हापूरचा आहे, अजून काय पाहिजे? एक्स-रे काढला तर काहीतरी दिसायचं.

दहा माणसं झाली की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती लागते, 2013 पासून. तिचा कागद फाइलला असला म्हणजे झालं. समितीवर कोण आहे हे समितीवरच्या बाईंनाही माहीत नसेल तर उत्तम.

माणूस सोडून गेला तर त्याचा सगळा पगार कामाच्या दोन दिवसांत द्या, असंही आता लिहिलंय. दोन दिवसांत! आपल्याकडं दोन दिवस तर "साहेब बाहेरगावी हाईत" यातच जातात. पुढं दिवाळी, पुढं ऑडिट, मग "उचल किती घेतलीस ते आधी बघू".

साहेब तपासणीला आलेच तर घाबरू नका. आता त्यांचं नावच निरीक्षक आणि सुविधा करून देणारा, असं दुहेरी आहे. वेतनाच्या बाबतीत खटल्याआधी चूक सुधारायची एक संधी लेखी देतात. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा केली तर संधी नाही आणि कमी पगार दिल्याबद्दल पुन्हा दोषी ठरलात तर तीन महिन्यांपर्यंत आतसुद्धा जावं लागू शकतं. पण तुम्ही प्रत्येक वेळी नवीनच चूक कराल, एवढा विश्वास आहे.

एकच गोष्ट जरा वाकडी झालीये. पूर्वी कामगार जिंकला तरी "हायकोर्टात जातो" म्हटलं की तो खचायचा. मुंबईचं भाडं, वकील, मुक्काम, त्यात दोन खाडे. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय. सकाळची पाळी बुडवली की तो तिथं हजर, तेही केएमटीच्या बसनं. तुमची मात्र चारचाकी. तिथं गाडी लावायला जागा मिळते का, तेवढं आधी बघून ठेवा.